गोफर्स दहा सेकंदांत हरले नाहीत

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही मिनेसोटा विद्यापीठात शिकायला आलात, बर्फावरच्या हॉकीची गोडी लागली आणि जुने सामने बघता बघता ८ एप्रिल २०२३ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापाशी येऊन अडकलात. तुमच्या विद्यापीठाच्या संघाला, म्हणजे गोफर्सना, देशात पहिलं मानांकन, एनएचएलच्या (इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या) क्लबांनी आधीच हेरून ठेवलेले इतके खेळाडू, फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात झालेल्या अंतिम सामन्यात २-० अशी आघाडी, आणि तरी क्विनिपिॲक विद्यापीठाने सामना ३-२ ने नेला. शेवटचा गोल तर जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला. एक रूममेट गोलीवर (गोलरक्षकावर) खापर फोडतो, दुसरा प्रशिक्षकावर, तिसरा म्हणतो गोफर्सला शापच आहे. खरं कारण कोणतं आणि ते शोधायचं कसं, हा तुमचा सवाल.

मी ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलमध्ये, शाळकरी आणि ज्युनियर संघांसाठी सामन्यांच्या व्हिडिओचं काम करतो. टेप कापायची, प्रत्येक शिफ्टला (खेळाडू बर्फावर उतरल्यापासून बाकावर परतेपर्यंतच्या वेळेला) खुणा करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सरावाच्या आधी प्रशिक्षकाच्या हातात कामाचे तेवढे तुकडे द्यायचे. गोफर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. त्यामुळे आत कोण काय बोललं, कोणाचा खांदा दुखत होता, हे मला विचारू नका. बर्फावर जे दिसतं त्याबद्दल बोलतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. हा एक सामना गोफर्स का हरले, हा एक. २००३ नंतर त्यांना एकही विजेतेपद का मिळालं नाही, हा दुसरा. तुमचे तिघे रूममेट एकमेकांना पटवू शकत नाहीत, कारण दोघं पहिल्याचं उत्तर देतायत आणि तिसरा दुसऱ्याचं. इथे मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेतसुद्धा हा वाद मी ऐकलाय, आणि तिथेही हीच गल्लत.

पहिल्यापासून सुरुवात करू. त्या रात्रीचे गोल असे झाले: पहिल्या पिरियडमध्ये (वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात) जॉन मिटलस्टॅट, दुसऱ्यात जॅक्सन नेल्सन, गोफर्स २-०. मग दुसऱ्याच पिरियडमध्ये क्विनिपिॲकच्या टेलियरचा गोल, २-१. तिसऱ्या पिरियडची २ मिनिटं ४७ सेकंद उरली असताना कॉलिन ग्राफने बरोबरी केली. तेव्हा क्विनिपिॲकने आपला गोली यानिव पेरेट्स बाहेर काढून जादा खेळाडू आत घेतला होता. मग जादा वेळेत जेकब क्विलन, आणि खेळ खलास.

आता शॉट्स बघा. पूर्ण सामन्यात क्विनिपिॲकचे ३०, गोफर्सचे १५. नुसतं एवढं वाचलं तर वाटेल की पहिल्यापासून एकतर्फी मार खाल्ला. तसं नाही. तिसऱ्या पिरियडचा हिशेब १४ विरुद्ध २ आहे. तो बाजूला काढला, जादा वेळेतला एक शॉट वजा केला, तर पहिल्या दोन पिरियडमध्ये उरतात १५ आणि १३. म्हणजे चाळीस मिनिटं जवळपास बरोबरीचा सामना, आणि मग वीस मिनिटं गोफर्स जणू बर्फावर नव्हतेच.

कॉलेज हॉकीत साधारण दहा-अकरा शॉट्समागे एक गोल होतो. गोली चांगला असेल तर थोडा उशिरा, भागदौडीचा सामना असेल तर थोडा लवकर. हा ठोकताळा मनात धरून आकडे परत वाचा. गोफर्सना १३ शॉट्समध्ये २ गोल मिळाले होते, म्हणजे वाट्याला येतं त्यापेक्षा थोडं जास्तच. क्विनिपिॲकला तिसऱ्या पिरियडमध्ये १४ शॉट्सवर १ गोल मिळाला, म्हणजे चालू भावाने मिळायला हवा तेवढाच. आणि दोन शॉट्सवर गोफर्सना शून्य मिळालं, तेही चालू भावानेच. ‘नशिबाने दगा दिला’ म्हणणाऱ्याने नशिबाने दगा नेमका कुठे दिला ते दाखवावं. आधी दोन पिरियड नशीब गोफर्सच्याच बाजूला थोडं झुकलेलं होतं.

म्हणून गोफर्सचा गोली जस्टन क्लोज याच्यावर खापर फोडणाऱ्या रूममेटला एवढंच सांगा: त्याने ३० पैकी २७ अडवले, आणि तिसऱ्या पिरियडची सतरा मिनिटं धावफलक २-१ वर राहिला तो त्याच्यामुळे. गोलीने सामना घालवला असं म्हणायचं तर साधे शॉट आत गेलेले दाखवावे लागतात. बरोबरीचा गोल गोलासमोर खेळाडूंची जादा गर्दी असताना झाला, जादा वेळेतला बचाव फोडून समोरासमोर आलेल्या माणसाने केला. त्यात गोलीचा दोष काढायचाच म्हटलं तर कुणाचाही काढता येतो.

म्हणजे विचारायचं ते हे, की तिसऱ्या पिरियडमध्ये काय झालं? उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि चाहते घाई करतात ती इथेच.

आघाडीवरचा संघ शेवटच्या पिरियडमध्ये मागे सरकतो. शाळकरी पोरं सरकतात, एनएचएलवाले सरकतात. पिछाडीवरच्याला गमावण्यासारखं काही नसतं, तो बचावपटूंनाही पुढे पाठवतो, त्याचे शॉट वाढतातच. तिसऱ्या पिरियडमध्ये १२-७ किंवा १३-८ दिसलं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि तेवढ्यावरून प्रशिक्षक ‘घाबरला’ असं मी कधी म्हणणार नाही. मागे सरकणं कधी शहाणपणाचंही असतं. समोरचा संघ वेगवान पण विस्कळीत असेल, तुमचे बचावपटू थकलेले असतील, गोली पेटलेला असेल, तर मधली जागा भरून उभं राहणं आणि पक (खेळायची रबरी चकती) कडेच्या काचेवर आदळवून बचावक्षेत्राबाहेर मारत राहणं हा चांगला उपाय आहे. पण १४-२ त्यात बसत नाही. तिथे मागे सरकायचं ठरवलं होतं की मागे रेटले गेले, हे वेगळं करून बघावं लागतं, आणि ते आकड्यांतून कळत नाही. टेपच बघावी लागते.

टेप बघताना मी पोरांना एकच काम देतो, तेच तुम्हाला देतो. शॉट, गोल, ढकलाढकली सगळं विसरा. कागदावर तीन रकाने आखा आणि गोफर्सच्या बचावक्षेत्रात पक त्यांच्या ताब्यात आला की दर वेळी एक रेघ मारा: पास देऊन किंवा स्केटिंग करत ताब्यात ठेवून निळी रेषा, म्हणजे बचावक्षेत्राची हद्द, ओलांडली, काचेवरून किंवा भिंतीवरून नुसता बाहेर फेकला, की बाहेर पडलाच नाही. काचेवरून बाहेर गेलेला पक मधल्या पट्ट्यात समोरच्याच्या काठीवर पडतो, आणि आठ-दहा सेकंदांत तो परत तुमच्या अंगावर येतो. लांब मारून थेट पलीकडच्या टोकाला गेला तर आयसिंग, म्हणजे फेसऑफ (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) पुन्हा तुमच्याच गोलाजवळ, आणि नियम असा की आयसिंग करणाऱ्या संघाला त्या थांब्यावर खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले पाच जण तिथेच उभे. समोरून ताजे पाच जण येतात.

दमलेला खेळाडू ओळखायला शिका, मग सामना वेगळाच दिसायला लागतो. एक शिफ्ट साधारण पंचेचाळीस सेकंदांची असते. मिनिटाच्या पुढे गेली की गुडघे वाकेनासे होतात, माणूस ताठ उभा राहून सरकायला लागतो, काठी एका हातात लोंबते, काठीचं पातं बर्फावरून उचललं जातं. बर्फावर पातं नाही म्हणजे पासची वाट बंद होत नाही. स्क्रीनवर तो ‘जागेवर’ दिसतो, पण तिथे असून नसल्यासारखा असतो. बराच वेळ बर्फावर राहिलेल्या संघाविरुद्ध गोल झाला की चाहते शेवटचा पास शोधतात. मी त्याआधीची नव्वद सेकंदं शोधतो.

इथे एक बारीक गोष्ट. दर पिरियडला संघ बाजू बदलतात. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये तुमचा बाक तुमच्याच बचावक्षेत्राच्या बाजूला असतो, दुसऱ्यात तो लांब पडतो. त्यामुळे दुसऱ्या पिरियडमध्ये अडकलेल्या संघाला बदली करायला लांब जावं लागतं, आणि ‘बाक लांब होता’ ही सबब तिथे खरी असते. गोफर्स तिसऱ्या पिरियडमध्ये अडकले, म्हणजे बाक जवळ असताना. ही सबब त्यांना नाही.

आणि त्यांच्याकडे बचावपटू कोण होते बघा. ब्रॉक फेबर, जॅक्सन लकोम. पक काठीवर घेऊन दबावातून बाहेर पडणं हेच त्यांचं बलस्थान. तो सामना संपल्यावर थोड्याच दिवसांत फेबर थेट मिनेसोटा वाइल्डकडून एनएचएलच्या प्लेऑफमध्ये खेळत होता. असे बचावपटू असताना वीस मिनिटांत दोन शॉट म्हणजे एकतर त्यांना साधं खेळायला सांगितलं गेलं होतं, किंवा समोरचे इतक्या लवकर अंगावर येत होते की दुसरं काही सुचायला वेळच नव्हता. माझा कौल दुसऱ्याकडे जास्त आहे. प्रशिक्षक बॉब मोट्झको यांनी आदल्या सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ आणि त्याआधी कॅनिशियसला ९-२ हरवणारा संघ चालवला होता. कवच घालून बसणं ही त्या संघाची सवय नव्हती.

आता क्विनिपिॲकबद्दल, कारण आपल्या हरण्यात समोरच्याचं कर्तृत्व मोजायला चाहत्यांना आवडत नाही. कनेटिकटमधल्या हॅम्डेन गावचं छोटं विद्यापीठ, नाव उच्चारता येत नाही, म्हणून लोक ते चमत्कार करणारं दुबळं कॉलेज समजतात. त्या हंगामात त्यांचा हिशेब होता ३४ विजय, ४ पराभव, ३ बरोबरी. गोफर्सचा २९-१०-१. स्पर्धेत क्विनिपिॲकला दुसरं मानांकन होतं. उपांत्य सामन्यात त्यांनी मिशिगनला ५-२ ने घरी पाठवलं. कमी गोल खाणं ही त्यांची ख्याती, आणि चारही ओळी (एकत्र उतरणाऱ्या तीन आक्रमकांचे गट) सारख्या आलटून पालटून खेळवणं ही पद्धत. अशा संघाविरुद्ध गोफर्सच्या लोगन कूली, मॅथ्यू नाईज, जिमी स्नगरूड या त्रिकुटाच्या नावावर अंतिम सामन्यात एकही गोल नाही, यात त्या तिघांनी काही केलं नाही एवढाच भाग नाही. चार ओळी सारख्या ताकदीने खेळवणारा संघ तिसऱ्या पिरियडला ताजा असतो. एका ओळीवर भिस्त ठेवणारा नसतो.

वयाचाही मुद्दा आहे. कॉलेज हॉकीत अनेक मुलं आधी दोन-तीन वर्षं ज्युनियर लीग खेळून विसाव्या-एकविसाव्या वर्षी कॉलेजात येतात. कोविडमुळे तेव्हाच्या पिढीला एक जादा हंगामही मिळाला होता. क्विनिपिॲकचा कर्णधार झॅक मेट्सा पदव्युत्तर वर्गातला होता, ग्राफ युनियन कॉलेजातून बदली घेऊन आलेला. समोर कूली अठरा वर्षांचा. कौशल्यात अठराचा पोरगा चोविशीच्या माणसाला नाचवतो, पण भिंतीला चिकटून पकसाठी झोंबाझोंबी चालते तेव्हा खांदे चोविशीचेच जड पडतात. आणि तिसरा पिरियड भिंतीवरच जिंकला जातो.

गोली बाहेर काढण्याबद्दलही लिहितो, कारण तुम्ही ‘एवढा धोका त्यांनी पत्करलाच कसा’ असं विचारलंय. एका गोलाने मागे आहात आणि तीन-साडेतीन मिनिटं उरलीत. गोली काढला आणि रिकाम्या जाळीत गोल खाल्ला, तर ३-१ ने हराल. नाही काढला आणि काही झालं नाही, तर २-१ ने हराल. बाद फेरीत दोन्हींची किंमत एकच, घरी जाणं. मग हरण्याच्या आकड्याला कशाला भ्यायचं? जुने प्रशिक्षक शेवटच्या मिनिटापर्यंत थांबायचे, आणि त्याचं कारण बरेचदा गणित नसून लाज असायची. क्विनिपिॲकचे रँड पेकनोल्ड थांबले नाहीत. शिवाय वीस मिनिटांत ज्यांनी दोनच शॉट मारलेत त्यांच्याकडून रिकाम्या जाळीत गोल होण्याची भीतीही कमीच होती. हा धोका त्यांना गोफर्सनीच स्वस्त करून दिला होता.

क्रिकेटवाल्यांसाठी एकच तुलना करतो, मग पुढे जातो. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. पहिल्या दहा षटकांत भारताच्या ८० धावा, आणि मग चौकार आटले ते आटलेच. पुढे ट्रॅव्हिस हेडने शतक ठोकलं म्हणून ते लक्षात राहिलं, पण ज्यांनी सामना नीट बघितला त्यांना कोरडी गेलेली मधली षटकंच जास्त बोचतात. गोफर्सचा तिसरा पिरियड तसाच कोरडा.

मग जादा वेळेतले ते दहा सेकंद. मध्यावरचा फेसऑफ, मेट्साने पक पुढे टाकला, सॅम लिपकिनने तो क्विलनला दिला, क्विलन बचावाच्या मागे निघालेला, क्लोजला चकवून आत. ही चाल आधी ठरवून बसवलेली होती, आणि सुरुवातीच्या फेसऑफला वापरायची म्हणून राखून ठेवली होती. इथे मात्र गोफर्सची चूक सरळ दिसते: पहिल्या क्षणाला दोन बचावपटूंमधलं अंतर आणि निळ्या रेषेमागची जागा कोणी सांभाळली नाही. बाद फेरीच्या जादा वेळेच्या पहिल्या शिफ्टला ‘कोणी पुढे जायचं नाही’ एवढा एकच निरोप पुरतो. तो दिला गेला की नाही, दिला असेल तर पाळला का गेला नाही, हे प्रशिक्षकाला विचारायलाच हवं. मोट्झको यांच्यावर माझी टीका असेल तर ती एवढीच, आणि ती लहान नाही.

ही टीका जास्त झोंबते कारण असं आधीही घडलं होतं. २०१३ मध्ये ग्रँड रॅपिड्सला येलने गोफर्सना पहिल्याच फेरीत ३-२ ने हरवलं, जादा वेळेच्या नवव्या सेकंदाला. पुढे येल विजेते झाले आणि गंमत म्हणजे त्यांनी अंतिम सामन्यात हरवलं ते क्विनिपिॲकला. प्रशिक्षक वेगळे, पोरं वेगळी, दोन सामन्यांत दहा वर्षांचं अंतर. तुमचा शापवाला रूममेट याच गोष्टीवर जगतो. शिवाय २००६ मध्ये होली क्रॉसने जादा वेळेत ४-३ ने केलेला पराभव आहे, २०१४ च्या अंतिम सामन्यात युनियनकडून ७-४ आहे. यादी वाचली की कोणालाही शाप वाटेल.

इथे आपण दुसऱ्या प्रश्नावर येतो, आणि तो लवकर संपतो. सोळा संघ, प्रत्येक फेरी एकाच सामन्याची, चार जिंकले की विजेते. एखादा संघ इतका भारी धरा की कोणाशीही खेळला तरी दहातले सात सामने जिंकेल. चार ओळीने जिंकण्याची शक्यता निघते २४ टक्के. दहातले आठ जिंकणारा असला तरी ४१. म्हणजे देशातला सगळ्यात चांगला संघसुद्धा बहुतेक वेळा रडतच घरी जाणार. एनएचएलमध्ये सातपैकी चार सामन्यांची मालिका असते, तिथे एक वाईट पिरियड भरून काढता येतो. कॉलेजात नाही.

२०२४ चा विजेता डेन्व्हर घ्या. चार सामने: मॅसॅच्युसेट्सवर २-१, दोनदा जादा वेळ खेळून. कॉर्नेलवर २-१. बॉस्टन युनिव्हर्सिटीवर २-१, पुन्हा जादा वेळेत. अंतिम सामन्यात बॉस्टन कॉलेजवर २-०, आणि त्यात गोली मॅट डेव्हिसने ३५ शॉट अडवले. यातला एक पक दोन इंच इकडेतिकडे गेला असता तर डेन्व्हरच्या चाहत्यांनीही शाप शोधला असता. आणि बॉस्टन कॉलेजचा चाहता मला म्हणाला की ‘आमचं नशीब’, तर मी मान डोलावेन. अव्वल मानांकन, ३५ शॉट, शून्य गोल, आणखी काय करणार? तोच शब्द २०२३ चा गोफर्सचा चाहता वापरतो तेव्हा मला पटत नाही. दोघंही अव्वल मानांकन घेऊन अंतिम सामना हरले, पण एकाने ३५ वेळा दार ठोठावलं आणि दुसऱ्याने शेवटच्या वीस मिनिटांत दोनदा.

तेव्हा तिघा रूममेटांचा निकाल असा लावा. गोलीवाला चूक. शापवाल्याकडे चार मोठे पराभव आहेत, पण त्यांना एकत्र बांधणारं काही नाही. स्पर्धेचा साचाच तसा आहे. प्रशिक्षकवाला अर्धा बरोबर: पहिल्या शिफ्टबद्दल बरोबर, ‘घाबरून बचावात गेला’ याबद्दल पुरावा नाही. पंचांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, त्याबद्दल आभार.

टेप बघणार असाल तर पूर्ण सामना बघत बसू नका. दुसऱ्या पिरियडच्या शेवटच्या पाच मिनिटांपासून लावा, कारण कल तिथेच फिरायला लागतो का ते तपासायचंय. आवाज बंद ठेवा. समालोचक पकच्या मागे धावतो आणि तुम्हाला पक नसलेली माणसं बघायची आहेत. तीन रकान्यांचा कागद भरून झाला की मधला आणि शेवटचा रकाना मिळून पहिल्याच्या किती पट भरतात ते बघा. आणि पुढच्या हंगामांत गोफर्सचे सामने बघाल तेव्हा वयाकडेही लक्ष असू द्या: ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधली मुलंही कॉलेज हॉकी खेळायला पात्र झाली आहेत. ‘अठराचे हिरे विरुद्ध चोविशीचे गडी’ ही विभागणी त्यामुळे कशी बदलते, हे तीन-चार हंगामांच्या टेप हाती आल्याशिवाय मी तरी सांगणार नाही.